जर्मनीतून अमेरिकेला घर हलवताना : तिकडे न मिळणारे काय न्यावे आणि काय मागे ठेवावे

सस्नेह नमस्कार. आपण लिहिले आहे की, सहा वर्षे स्टुटगार्टला राहिल्यानंतर आता यजमानांची बदली उत्तर कॅरोलायनातील शार्लटला झाली आहे, सामानासाठी वीस फुटी कंटेनर मिळणार आहे, आणि युरोपात घरोघरी असणाऱ्या पण अमेरिकेत सहजी न मिळणाऱ्या वस्तू कोणत्या, हे आपल्याला आधी कळायला हवे आहे, म्हणजे त्या इथूनच भरून नेता येतील. इलेक्ट्रिक केटल, वॉशिंग मशीन, पुण्याहून आणलेला मिक्सर, दुलया आणि उशा, सनस्क्रीन, श्रीखंडासाठीचा क्वार्क (चक्क्यासारखा जर्मन पदार्थ), आठ वर्षांच्या मुलीची चॉकलेटची अंडी आणि आपल्या आईंनी दिलेले शिलाई मशीन, इतक्या गोष्टींचा आपण नावानिशी उल्लेख केला आहे. त्या सगळ्यांविषयी लिहिते, फक्त काहींवर जास्त आणि काहींवर कमी.

मी घरगुती उपकरणांच्या विद्युत-सुरक्षेच्या चाचण्या घेणारी अभियंता आहे. पहिली नऊ वर्षे हे काम जर्मनीत केले आणि गेली बारा वर्षे अमेरिकेत करते आहे, त्यामुळे एकच वस्तू दोन्हीकडच्या नियमांना लावून पाहणे हे माझे रोजचे काम आहे. त्या अनुभवावरून सांगते, की तिकडे काय मिळत नाही एवढे कळून आपले भागणार नाही. ती वस्तू का मिळत नाही, हे कळले तरच ती न्यायची की नाही ते ठरते. काही वस्तू तिथल्या विजेमुळे मिळत नाहीत, आणि त्या नेल्या तरी धड चालत नाहीत. काही मापांमुळे मिळत नाहीत, आणि त्या न्यायच्या तर त्यांच्या जोडीचे सगळेच न्यावे लागते. काही कायद्याने अडलेल्या आहेत. काही मात्र केवळ तिथल्या लोकांना त्यांची सवय नाही म्हणून दुकानात नसतात. कंटेनरमधली जागा खरे तर या शेवटच्या वस्तूंसाठी राखायला हवी, आणि मी पाहिलेल्या बहुतेक कुटुंबांनी ती नेमकी पहिल्या प्रकारच्या वस्तूंनी भरलेली असते.

काही गोष्टी आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. तिथे भाड्याने राहणार की घर घेणार, दोन वर्षांनी परत येण्याचा विचार आहे की कायमचे जाणार, हे मला माहीत नाही. दोन वर्षांसाठी जात असाल, तर विजेवर चालणारे चांगले सामान युरोपातच कुणाकडे तरी ठेवून जाणे योग्य. कायमचे जात असाल, तर ते आत्ताच विकावे. जर्मनीत भाड्याच्या घरात स्वयंपाकघर पुष्कळदा आपले आपल्यालाच बसवावे लागते, म्हणून शेगडी आणि भांडी धुण्याचे यंत्रही आपल्या मालकीचे असेल. अमेरिकेत भाड्याच्या घरात शेगडी-ओव्हन आणि सहसा फ्रिजही घरमालकाचा असतो, त्यामुळे त्यातले काहीही नेण्याची गरज नाही.

आता विजेकडे वळू. युरोपात आणि भारतात घरातल्या विजेचा दाब २३० व्होल्ट आणि वारंवारिता, म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तने, ५० हर्ट्झ असते, तर अमेरिकेत साध्या प्लगला १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. याच कारणाने पुण्याचा मिक्सर स्टुटगार्टला केवळ प्लगचे टोक बदलून चालला आणि शार्लटला चालणार नाही. प्रत्येक उपकरणाच्या तळाशी किंवा पाठीमागे एक छोटी पाटी असते, ती आधी वाचावी. तिच्यावर १००–२४० व्होल्ट आणि ५०/६० हर्ट्झ असे लिहिले असेल, तर ते उपकरण जगात कुठेही चालते. फोन आणि लॅपटॉपचे चार्जर, बहुतेक कॅमेऱ्यांचे चार्जर आणि बरेचसे विजेचे टूथब्रश यात येतात. २२०–२४० व्होल्ट एवढेच लिहिले असेल, तर त्या वस्तूचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

केटलचेच उदाहरण घेते, कारण तिच्याविषयी सर्वांत जास्त गैरसमज आहेत. आपली केटल २२०० वॅटची असेल असे धरू. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला साधारण ३३५ किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे ही केटल अडीच मिनिटांत काम संपवते. तीच केटल नुसता अडॅप्टर लावून अमेरिकेतल्या भिंतीत खोचली, तर ती जळणार नाही, पण दाब जवळपास निम्मा झाला की उष्णता जवळपास चौथ्या हिश्श्यावर येते, त्यामुळे ती जेमतेम सहाशे वॅटने तापेल आणि त्याच एका लिटरला नऊ-दहा मिनिटे लावील. मग ट्रान्सफॉर्मर का लावू नये, असे पुष्कळजण विचारतात. २२०० वॅट १२० व्होल्टवर ओढायचे म्हणजे १८ अँपिअर प्रवाह लागतो, आणि तिथल्या घरातले साधे सर्किट १५ किंवा २० अँपिअरचे असते. १५ च्या सर्किटवर ब्रेकर पडेल आणि २० च्या सर्किटवर दुसरे काही लावायला जागा उरणार नाही, शिवाय ट्रान्सफॉर्मरचे अवजड धूड ओट्यावर ठेवावे लागेल ते वेगळेच.

पण म्हणून अमेरिकेत केटल मिळतच नाही, हे खरे नाही. साधारण १५०० वॅटच्या केटल तिथे मिळतात आणि त्यांना एका लिटरला पावणेचार मिनिटे लागतात, म्हणजे आपल्या केटलपेक्षा सव्वा मिनिट जास्त, आणि दोन कपांपुरत्या पाण्याला अर्धेपाऊण मिनिटच जास्त. कमी दाबामुळे तिथे केटल रुजली नाही, असे जे सर्रास सांगितले जाते, ते मला पूर्ण पटत नाही, कारण शेजारच्या कॅनडातही वीज १२० व्होल्टचीच आहे आणि तिथे केटल घरोघरी दिसते. अमेरिकन घरात सकाळचे पाणी थेट कॉफीच्या यंत्रात जाते, चहा पिणारे थोडे आहेत आणि त्यांतले कित्येकजण मायक्रोवेव्हमध्ये पाणी तापवतात. केटल तिथे कमी दिसते ती मुख्यतः सवयीमुळे. आपली केटल इथेच देऊन टाकावी आणि शार्लटला पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात नवी घ्यावी.

मिक्सरचे उत्तर थोडे वेगळे आहे. त्याची मोटर वारंवारितेवर अवलंबून नसते, त्यामुळे योग्य दाब मिळाला की तो ६० हर्ट्झवरही ठीक चालतो. साडेसातशे वॅटच्या मिक्सरला किमान १५०० वॅटचा, दाब वाढवणारा ट्रान्सफॉर्मर लागेल, कारण चालू होताना मोटर पाटीवर लिहिल्यापेक्षा बराच जास्त प्रवाह ओढते. हे शक्य आहे, पण मी ते सुचवणार नाही. भारतीय कंपन्या अमेरिकेसाठी ११० व्होल्टचे मिक्सर बनवतात आणि ते तिथल्या भारतीय किराणा दुकानांत मिळतात. ओल्या नारळाचे वाटण आणि इडलीचे पीठ रोज करायचे असेल, तर जड ट्रान्सफॉर्मर आणि जुना मिक्सर सांभाळण्यापेक्षा तो नवा घेणे बरे. आपला मिक्सर स्टुटगार्टमधल्याच एखाद्या नव्या मराठी जोडप्याला द्यावा, त्यांना त्याचे मोल नक्की कळेल.

वॉशिंग मशीनवर मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण इथे चूक महागात पडते. आपल्याला ते न्यावेसे वाटते याचे कारण मी समजू शकते. युरोपातले मशीन थंड पाणी घेते आणि आतल्या हीटरने ते ६० किंवा ९० अंशांपर्यंत तापवते, त्यामुळे टॉवेल, चादरी आणि लहान मुलांचे कपडे खऱ्या अर्थाने गरम पाण्यात धुतले जातात. अमेरिकेतले सर्वसाधारण मशीन १२० व्होल्टवर चालते आणि गरम पाणी घरातल्या सामायिक बॉयलरमधून घेते. तो बॉयलर पुष्कळ घरांत ५० अंशांच्या आसपास लावलेला असतो, आणि पाइपमधून येईपर्यंत पाणी आणखी निवते. हा फरक खरा आहे आणि तिथे गेल्यावर तो पहिल्याच धुण्यात जाणवतो.

आपण विचारले आहे की, अमेरिकेत कपडे वाळवण्याच्या यंत्रासाठी २४० व्होल्टचा वेगळा प्लग असतो, तर त्यावर जर्मन मशीन का चालवू नये. दाब जुळतो, हे बरोबर आहे. पण युरोपात एक तार जिवंत आणि दुसरी न्यूट्रल असते, तर अमेरिकेतले २४० व्होल्ट दोन जिवंत तारांमधून मिळतात आणि त्या प्रत्येकीला जमिनीच्या तुलनेत १२० व्होल्ट असतात. जी यंत्रे बंद करताना एकच तार तोडतात, त्यांचा आतला काही भाग त्यामुळे बंद स्थितीतही जिवंत राहतो. दुसरे म्हणजे, नव्या यंत्रांची मुख्य मोटर इलेक्ट्रॉनिक्सवर चालत असल्याने तिला वारंवारितेचे काही वाटत नाही, पण पाणी उपसणारा छोटा पंप बहुधा थेट विजेवर फिरतो, आणि ५० हर्ट्झसाठी बनवलेला पंप ६० हर्ट्झवर एक पंचमांश अधिक वेगाने फिरू पाहतो. तो लगेच बिघडत नाही, मात्र त्याच्यावर ताण येतो. शिवाय अमेरिकन प्रमाणपत्र नसलेले यंत्र कायमचे जोडले आणि पुढे घरात काही अपघात झाला, तर घरमालक आणि विमा कंपनी दोघेही त्याविषयी जाब विचारू शकतात.

आणि वीज जमली तरी पाणी जमत नाही. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने आपले मशीन नेले होते, इलेक्ट्रिशियनकडून प्लगही बदलून घेतला होता, आणि पाण्याचा पाइप नळाला लावताना ते अडले. मी पाहायला गेले तेव्हा पाइपची नळाकडची चकती एका आट्यानंतर तिरकी होऊन बसली होती, पक्कड लावून ती जोराने फिरवल्याच्या खुणा होत्या, आणि खालच्या फरशीवर पाणी ठिबकत होते. दोन्हीकडे त्या जोडाला पाऊण इंचीच म्हणतात, पण युरोपातल्या आट्यांचा बाहेरचा व्यास साधारण २६.४ मिलिमीटर आणि एका इंचात १४ आटे, तर अमेरिकेतल्या नळाचा व्यास २७ मिलिमीटर आणि एका इंचात साडेअकरा आटे. अर्ध्या मिलिमीटरचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पहिला आटा बसल्यासारखा वाटतो आणि पुढे तो चढत नाही. यासाठी जोडणीचे वेगळे तुकडे मिळतात, पण ते शोधावे लागतात, आणि तोपर्यंत आठवडाभराचे धुणे साचलेले असते. आपले मशीन इथेच विकावे. तिथे घर घेणार असाल, तर युरोपीय पद्धतीची, स्वतः पाणी तापवणारी छोटी यंत्रे अमेरिकन प्रमाणपत्रासह मिळतात. त्यांतली काही २४० व्होल्टची असतात, म्हणून घेण्यापूर्वी घरात कोणता प्लग आहे ते पाहावे.

त्याऐवजी कपडे वाळत घालायचा मोठा घडीचा स्टँड मात्र अवश्य न्यावा. जर्मनीत वीस मीटर दोरीचा, पंख उघडणारा आणि ओल्या चादरीनेही न डगमगणारा स्टँड कोणत्याही दुकानात मिळतो. अमेरिकेत जवळजवळ प्रत्येक कुटुंब यंत्रात कपडे वाळवते, त्यामुळे तिथल्या दुकानांत सहसा दिसतात ते लहान लाकडी स्टँड, चार शर्टांत भरणारे. काही वसाहतींत अंगणात दोरीवर कपडे वाळत घालायला सोसायटीची मनाई असते, घरात घालायला नसते. आपली सुती पातळे आणि कुर्ते त्या गरम यंत्रात आटवायचे नसतील, तर हा दीड-दोन मीटरचा स्टँड आपल्याला दहा वर्षे पुरेल. केवळ सवय नसल्यामुळे न मिळणाऱ्या वस्तू म्हणजे काय, याचे हे अगदी नमुन्याचे उदाहरण आहे.

दिव्यांविषयी थोडक्यात : दिव्याचे स्टँड आवडीचे असतील तर न्यावेत, बल्ब नेऊ नयेत. मोठ्या स्क्रूचे तिथले बल्ब आपल्या होल्डरमध्ये सहसा बसतात, फक्त प्लग जाणकाराकडून बदलून घ्यावा.

खिडक्यांची आठवणही आपण काढली आहे. वरून आत कलणारी आणि मूठ फिरवली की दारासारखी उघडणारी जर्मन खिडकी, आणि बाहेरून पट्ट्यांनी बंद होणारे शटर, या दोन गोष्टींची चुटपूट जर्मनीतून आलेल्या प्रत्येकाला लागते, मलाही लागली. त्या नेता येत नाहीत आणि भाड्याच्या घरात बसवताही येत नाहीत. जर्मन घर विटांचे किंवा काँक्रीटचे असते आणि शटरची पेटी खिडकीवरच्या भिंतीत आधीच धरलेली असते. अमेरिकन घर बहुधा लाकडी सांगाड्याचे, खिडकी वर सरकवायची आणि तिला बाहेरून डासांची जाळी. स्वतःचे घर बांधाल तेव्हा अशा खिडक्या मागवता येतात, पण त्या महाग पडतात. तोपर्यंत मुलीच्या खोलीला जाड, उजेड अडवणारे पडदे लावावेत.

यानंतर मापांचा प्रश्न. जर्मन दुलई १३५ बाय २०० सेंटिमीटरची आणि उशी ८० बाय ८० ची चौकोनी. अमेरिकेत नेहमीची उशी २० बाय २६ इंचांची, म्हणजे साधारण ५१ बाय ६६ सेंटिमीटर, आणि नवरा-बायकोंसाठी एकच मोठे पांघरूण. एका पलंगावर दोन स्वतंत्र दुलया ही पद्धत तिथे रूढ नाही, त्यामुळे त्या मापाच्या खोळी तिथल्या दुकानांत मिळणार नाहीत. दुलया न्यायच्या असतील तर खोळींचे निदान तीन जोड आणि उशांचे अभ्रेही सोबत न्यावेत, नाहीतर वर्षभरात दुलई चांगली आणि खोळ फाटलेली अशी स्थिती होईल. गादीचे तसे नाही. १६० बाय २०० ची जर्मन चादर तिथल्या क्वीन गादीवर, म्हणजे साधारण १५२ बाय २०३ वर, थोडी सैल बसते आणि चालून जाते, पण तिथल्या गाद्या पुष्कळदा जाड असतात, म्हणून इलॅस्टिकच्या चादरीची खोली मोजून पाहावी.

कागदाचेही तसेच. भारतातला आणि युरोपातला ए-फोर कागद २९७ मिलिमीटर लांब, तर अमेरिकेतला लेटर कागद २७९ मिलिमीटर लांब आणि किंचित रुंद. आपली सगळी जर्मन कागदपत्रे, जन्मदाखले आणि पदव्या तिथल्या फोल्डरमधून दीड-दोन सेंटिमीटर वर डोकावतील आणि त्यांच्या कडा दुमडतील. तिथल्या फाइलींना तीन छिद्रे असतात, आपल्या जाड जर्मन फाइलींना दोन. दहा-बारा रिकाम्या जर्मन फाइली आणि त्यांचे पंच यंत्र जरूर न्यावे. जागा थोडी लागते, आणि व्हिसा व ग्रीन कार्डच्या कामांत मूळ कागद वारंवार काढावे लागतात, तेव्हा त्यांचा उपयोग होतो.

सनस्क्रीनच्या बाबतीत अडथळा कायद्याचा आहे. युरोपात सनस्क्रीन सौंदर्यप्रसाधनांत मोडते, अमेरिकेत ते औषध गणले जाते, त्यामुळे त्यातल्या प्रत्येक नव्या घटकाला औषधाच्या कसोटीवर उतरावे लागते. तिथल्या यादीत १९९० च्या दशकात जस्त ऑक्साइड आणि अव्होबेन्झोनची भर पडली, आणि त्यानंतर कित्येक वर्षे मोठी भर पडली नाही. प्रक्रिया वेगाने व्हावी म्हणून २०१४ साली स्वतंत्र कायदा झाला आणि २०२० साली आणखी सुधारणा झाली, तरी बेमोट्रिझिनॉलसारखे घटक युरोपात आणि भारतातही वर्षानुवर्षे वापरात असताना अमेरिकन दुकानांतल्या नळ्यांत ते आलेले नव्हते. हा घटक त्वचेत खोल जाणाऱ्या अतिनील-ए किरणांनाही अडवतो आणि उन्हात टिकून राहतो. युरोपातल्या नळीवर वर्तुळात लिहिलेली अतिनील-एची खूण आपण पाहिली असेल. तिचा अर्थ असा, की त्या किरणांपासूनचे संरक्षण एसपीएफच्या किमान एक तृतीयांश आहे. अमेरिकेतल्या नळीवर ही खूण नसते.

येथे एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. त्याच कंपनीचे, त्याच नावाचे आणि त्याच रंगाच्या नळीतले सनस्क्रीन अमेरिकेत मिळते, पण आतले घटक वेगळे असू शकतात. आपल्या मुलीला एखादे विशिष्ट सनस्क्रीन मानवत असेल, तर मागच्या बाजूची घटकांची यादी ताडून पाहावी. स्वतःच्या वापरापुरत्या तीन-चार नळ्या विमानातल्या सामानातून न्याव्यात. कंटेनरमध्ये घालू नयेत, कारण बंद कंटेनरमधली आठवड्यांची उष्णता त्यांना सोसत नाही. त्या संपल्यावर भारतातून येणाऱ्या कुणाकडून मागवता येतील. त्या मिळाल्या नाहीत तरी घाबरू नये. तिथली जस्त ऑक्साइडची सनस्क्रीन चेहऱ्यावर पांढरी दिसतात, आपल्या वर्णावर तर फारच, पण संरक्षण चांगले देतात.

औषधांचा विषय मी थोडक्यात आटोपते, कारण ते माझे क्षेत्र नाही. खोकल्यासाठीचे अँब्रोक्सॉल अमेरिकेत विक्रीस नाही, आणि जर्मनीत डॉक्टर लिहून देतात ते मेटामिझोल तिथे १९७७ पासून बंद आहे, कारण त्याने क्वचित प्रसंगी रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक प्रमाणात घटतात. डायक्लोफेनॅकचे मलम २०२० पासून तिथेही चिठ्ठीशिवाय मिळते. पॅरासिटामॉलला तिथे ॲसिटामिनोफेन म्हणतात, एवढे लक्षात ठेवले तरी मध्यरात्रीच्या तापात गोंधळ होणार नाही. नियमित औषध कोणतेही असो, निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून त्याचे मूळ रासायनिक नाव लिहून घ्यावे.

आता क्वार्क. जर्मनीतली मराठी घरे चक्का टांगायचे विसरून गेली आहेत, आणि त्याला कारण हा पाव किलोचा डबा आहे. क्वार्क हे मलई काढलेल्या किंवा न काढलेल्या दुधाला विरजण आणि अगदी थोडे रेनेट (दूध गोठवणारे द्रव्य) लावून, पाणी निथळून केलेले असते, म्हणून ते चक्क्यापेक्षा कमी आंबट आणि अधिक गुळगुळीत असते. डब्यावर ४० टक्के स्निग्धांश लिहिलेला असतो तो कोरड्या भागातला, प्रत्यक्ष डब्यात तो साधारण ११ टक्के भरतो. अमेरिकेत काही मोठ्या दुकानांत क्वार्क दिसते, पण लहान डब्यांत, महाग, आणि पुष्कळदा फळांचा स्वाद घातलेले. ते तिथे कुणी बंद केलेले नाही, तिथल्या लोकांच्या स्वयंपाकात त्याला जागा नाही एवढेच. ते नेता येत नाही, तेव्हा पुन्हा टांगण्याकडे वळावे लागेल. पूर्ण स्निग्धांशाचे साधे दही मलमलीच्या फडक्यात बांधून रात्रभर फ्रिजमध्येच टांगावे, आधीच निथळलेले ग्रीक दही घेतले तर चार-पाच तास पुरतात. डब्यावरील घटक मात्र वाचावेत. दूध आणि विरजण याखेरीज स्टार्च किंवा जिलेटिन लिहिलेले दही घेऊ नये, कारण ते पाणी सोडत नाही आणि फडक्यात तसेच बसून राहते. हा चक्का क्वार्कपेक्षा आंबट होईल, तेव्हा साखर नेहमीपेक्षा थोडी जास्त धरावी आणि चक्क्यात मिसळून दोन तास तशीच ठेवावी. पुरणयंत्र अमेरिकेत सहज मिळेलच असे नाही, म्हणून आपल्याकडे असेल तर ते कंटेनरमध्ये घालावे.

मुलीच्या चॉकलेटच्या अंड्यांचे उत्तर तिला हिरमुसले करणारे आहे. खाण्याच्या पदार्थाच्या आत न खाण्याजोगी वस्तू बंद करून विकायला अमेरिकेत १९३८ च्या अन्न व औषध कायद्याने मनाई आहे, त्यामुळे आत खेळणे असलेले ते अंडे विमानतळावर काढून घेतले जाते. दोन वेगळ्या कप्प्यांचा, एका बाजूला क्रीम आणि दुसऱ्या बाजूला खेळणे असा त्याचा भाऊ मात्र भारताप्रमाणे तिथेही मिळतो. तिला आणखी एक नवल दिसेल : युरोपात जांभळी गोळी म्हणजे ब्लॅककरंटची, तर अमेरिकेत जांभळी गोळी म्हणजे द्राक्षाची. ब्लॅककरंटची झुडपे पांढऱ्या पाइन वृक्षांवर पडणाऱ्या एका बुरशीला आसरा देतात, म्हणून लाकडाच्या धंद्याला वाचवण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे त्यांच्या लागवडीवर बंदी आली. केंद्राची बंदी १९६६ साली उठली, न्यूयॉर्क राज्याने आपली बंदी २००३ साली उठवली, पण मधल्या काळात त्या फळाची चवच लोकांच्या जिभेवरून गेली. पुण्यामुंबईत सर्रास मिळणारे ब्लॅककरंट आइस्क्रीम तिथल्या मुलांना अनोळखी असते. त्याचा जॅम आणि सरबत मात्र नेता येते.

खाण्याच्या इतर वस्तूंविषयी एवढेच पाळावे की, सॉसेज, हॅम आणि मांसाचा कोणताही पदार्थ नेऊ नये, बियाणे नेऊ नये, आणि जे न्याल ते सगळे सीमाशुल्काच्या अर्जात लिहावे. कच्च्या दुधाचे, साठ दिवसांपेक्षा कमी मुरलेले मऊ चीज अमेरिकेत विकता येत नाही, मुरलेले कडक चीज मिळते. खरी मूळ चवीची कॅमेम्बेर आवडत असेल, तर ती निघण्यापूर्वी पोटभर खाऊन घ्यावी.

शेवटी शिलाई मशीन. आपण लिहिले आहे की ते आईंनी दिलेले, काळ्या लोखंडी अंगाचे, आधी पायाने चालणारे आणि नंतर मोटर बसवलेले आहे, आणि ते २३० व्होल्टचे असल्यामुळे सोडून जावे लागेल अशी आपल्याला धास्ती वाटते. ते अजिबात सोडू नये. २३० व्होल्टची आहे ती फक्त मागे एका स्क्रूने लटकवलेली छोटी मोटर आणि तिचे पायातले पेडल. मशीनच्या लोखंडाला विजेशी काही देणेघेणे नाही. अशा जुन्या मशीनना बसणाऱ्या ११० व्होल्टच्या मोटरी, पेडल आणि वायरीसह, अमेरिकेत सहज मिळतात, कारण तिथेही त्याच घडणीची जुनी मशीन हजारो घरांत आहेत. इथली मोटर, पेडल आणि दिवा असेल तर त्याचा बल्ब काढून ठेवावा, मशीन जाड ब्लँकेटमध्ये गुंडाळून लाकडी पेटीत घालावे, आणि सुई, बॉबिन व शटल वेगळ्या डबीत, आपल्या हातातल्या सामानात नव्हे तर मोठ्या बॅगेत ठेवावे. निघण्यापूर्वी दोन मापे लिहून घ्यावीत : मोटर जिथे बसते त्या छिद्राची उंची आणि पट्ट्याचा पूर्ण घेर. ती मापे आणि मशीनच्या मागच्या बाजूचा एक फोटो मला पाठवलात, तर कोणती मोटर मागवायची ते मी आपण तिथे पोहोचण्याआधीच कळवीन.